वादी इकडे, प्रतिवादी तिकडे

तृप्तीच्या नकाशात सगळं नीट बसलं होतं. जिने बसले, स्वच्छतागृहं बसली, जुन्या कागदांची खोली बसली, लेकरांना पाजायची खोली बसली, वकिलांचे काळे कोट टांगायला खुंट्यांची एक भिंतसुद्धा बसली. बाहेर राहिलं होतं ते फक्त एक न्यायालय.

तालुक्याच्या त्या गावी इतकी वर्षं दोनच न्यायाधीश बसत. आता वरच्या दर्जाची आणखी दोन न्यायालयं मंजूर झाली होती, म्हणजे चार दालनं हवी होती. जागा मात्र तीच होती. एस.टी. स्टँडासमोरचं दगडी आवार, पुढे पत्र्याची लांब शेड आणि मागे पडायला आलेली क्वार्टरं. क्वार्टरं पाडून तिथे दुमजली इमारत उभी करायची, तिसऱ्या मजल्याला मंजुरी नाही, एवढं वरून ठरलं होतं. तिचा पहिला आराखडा करायचं काम बांधकाम खात्यातल्या कनिष्ठ अभियंता तृप्ती देशमाने हिच्याकडे आलं होतं. तृप्ती मूळची आष्टीची. बोलायला कमी आणि मोजायला पक्की. कागदावरचं माप जागेवर जाऊन पुन्हा मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"बसत नसेल तर सोडून द्या," तिचे साहेब फोनवर म्हणाले. "हायवेला सरकारी माळ पडलाय. तिथं काय, हातपाय पसरून बांधू. शुक्रवारी जिल्हा न्यायाधीश मॅडम येऊन राहिल्यात. तोवर चौथं कोर्ट बसवा, नाही तर माळावरचाच प्रस्ताव देऊ."

साहेबांचंही खोटं नव्हतं. सपाट माळावर इमारत बांधणं सोपं. पण तो माळ तृप्तीने मागच्या आठवड्यात बघितला होता. तिथे एस.टी. थांबत नव्हती, चहा मिळत नव्हता आणि सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची. परत यायला काहीच मिळेना तेव्हा ती सरकीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गावात आली आणि आल्याआल्या तिने ठरवून टाकलं की न्यायालय स्टँडासमोरच राहील. राजूरहून, हसनाबादहून दोन एस.टी. बदलून आलेल्या माणसाने पुन्हा रिक्षावाल्याच्या हातापाया का पडायचं?

आता अडचण अशी होती की चौथ्या न्यायालयाची जागा खाल्ली होती ती तृप्तीच्याच एका लाडक्या कल्पनेने. तिने पक्षकारांसाठी दोन वेगवेगळी प्रतीक्षालयं काढली होती. एक वादीपक्षाला, एक प्रतिवादीपक्षाला. दोन दालनं म्हटली की दोन दारं आली, दोन बोळ आले, स्वच्छतागृहंही दोन्हीकडे आली. पण ती कल्पना सोडायला तिचं मन होत नव्हतं. मोजमापाच्या पहिल्याच दिवशी गेटजवळ दोन जावांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या होत्या आणि त्या झटापटीत तृप्तीचा टेप चुरगळला होता. तापलेली माणसं एका ठिकाणी ठेवायची नाहीत, हे तिला प्रयोगशाळेतल्या ज्वालाग्राही बाटल्या वेगळ्या ठेवण्याइतकं उघड वाटत होतं.

"बिलकुल बराबर आहे मॅडम," बेबीनंदा खरात म्हणाल्या. बेबीनंदा न्यायालयाच्या नाझर. खुर्चीपासून कुलपापर्यंत तिथल्या प्रत्येक वस्तूचा ताबा त्यांच्याकडे. "वादी इकडे, प्रतिवादी तिकडे. मधी भिंत. माझ्या डोक्याचा ताप जाईल. फक्त माझ्या मुद्देमालाचं बघा."

"बेबीताई, मुद्देमालाला खोली दिली आहे."

"खोलीनं काय होतंय? हॉल द्या हॉल! पोलीस काय काय आणून टाकतेत. मोटरसायकली हाईत, कडबाकुट्टीचं मशीन हाय, लग्नातला डीजे हाय. त्या डीजेचं काय करू, माझ्या घरी नेऊ?"

"वाजतो का?"

"वाजवून बघितला न्हाई. सायेब शेजारीच बसतेत ना."

तृप्ती हसली. मग तिने तिच्या स्वभावाप्रमाणे ठरवलं की भिंत घालायचीच तर आधी खोटी घालून बघू. तिने तिथल्या वरिष्ठ न्यायाधीश साहेबांची परवानगी काढली. बुधवारी संध्याकाळी पत्र्याच्या शेडीत मधोमध प्लायवूडचा उंच आडोसा उभा राहिला. दोन्ही बाजूंना सारखे बाक लागले. बेबीनंदांनी हौसेने पाट्या रंगवून आणल्या. एका बाजूला "वादी / फिर्यादी", दुसऱ्या बाजूला "प्रतिवादी / आरोपी". अक्षर सुरेख होतं. शुक्रवारी मॅडम आल्या की चालता प्रयोगच दाखवायचा आणि दोन दालनं का हवीत ते पटवायचं. मग मुद्देमालाच्या खोलीतली, वकिलांच्या खोलीतली जागा मागून चौथं न्यायालय बसवता येईल, असा तृप्तीचा हिशेब होता.

गुरुवारी सकाळी स्टँडावर गाड्या लागल्या आणि माणसं आत यायला लागली.

पहिला अडला तो एक तरणा माणूस. मारामारीच्या केसमधला. तो पाटी वाचून जागच्या जागी थांबला.

"मी न्हाई बसत तिथं."

"का?" तृप्तीने विचारलं.

"आरोपी लिहिलंय."

"पण तुमच्या केसमध्ये तुम्ही…"

"अजून सिद्ध कुठं झालंय? गावातली माणसं येऊन-जाऊन राहिलीत. कोणी फोटो काढला मंग? पोरगी बघायला जायचंय रविवारी."

त्याचं ऐकून बाकीच्यांनीही तोच सूर लावला. थोड्या वेळाने दिसलं ते असं: फिर्यादीच्या बाजूला माणसांची दाटी, दुसऱ्या बाजूला बाक जवळजवळ मोकळे, आणि आरोपी म्हणून आलेली यच्चयावत मंडळी बाहेर उन्हात, पाटीकडे पाठ करून उभी.

तेवढ्यात एका मोटरसायकलवरून दोन म्हातारे उतरले. पुढचा गाडी लावू लागला, मागच्याच्या काखेत पिशवी आणि हातात फायलींचं गाठोडं. दोघांची धोतरं सारखी, टोप्या सारख्या, चालसुद्धा सारखी. शेडीपाशी येऊन दोघेही आडोशाकडे बघत राहिले.

"हे काय काढलं?" गाडीवाला म्हणाला.

"वादी इकडे, प्रतिवादी तिकडे," बेबीनंदांनी हात दाखवला. "रखमाजीबाबा, तुमी कोण?"

"मी वादी."

"मंग इकडं बसा."

"पण याच्या केसमंदी मी प्रतिवादी हाय." रखमाजीने शेजारच्याकडे बोट केलं. "बांधाची केस मी टाकली. पाइपलाइनीची सर्जेरावनं टाकली. दोन्हीबी आज हाईत."

बेबीनंदा तृप्तीकडे बघू लागल्या. तृप्ती पाटीकडे बघू लागली.

"मंग असं करा," सर्जेराव शांतपणे म्हणाला, "बांधाचा पुकारा होईस्तोवर ह्यो इकडं बसंल, मी तिकडं. मंग आमी अदलाबदल करू."

"आन भाकरी?" रखमाजीने विचारलं. "भाकरी तुझ्या पिशवीत, ठेचा माझ्या."

"भाकरी आडोशावरून फेकीन."

"तुमी दोघं एका गाडीवर आलात?" तृप्तीने न राहवून विचारलं.

"गाडी याची, पेट्रोल माझं," सर्जेराव म्हणाला. "हसनाबादहून दोन दोन गाड्या आणायचा खर्चा कोणाला परवडतोय?"

"पण तुमचं भांडण आहे ना?"

"भांडण हाय की! आमच्या बापांपासून हाय," रखमाजी अभिमानाने म्हणाला. "चुलत भाऊ हाय ह्यो माझा. लई बेकार माणूस हाय."

"ह्यो काय कमी हाय का?" सर्जेरावने दुजोरा दिला आणि दोघे दोन बाजूंना जाऊन बसले.

न्यायालय सुरू झालं. दारात उभं राहून नाव पुकारायचं काम शिपाई मिथुनचं. मिथुनचा आवाज चांगला होता, पण प्लायवूडच्या पलीकडे जाईपर्यंत त्याचं नुसतं गुणगुणणं उरत होतं. तो एक नाव घेई, या बाजूची माणसं एकमेकांकडे बघत, त्या बाजूची माणसं गप्पा मारत राहत. उन्हातली मंडळी तर चहाच्या टपरीकडे सरकली होती. मिथुन दुसऱ्यांदा ओरडे, तिसऱ्यांदा ओरडे, मग आत जाऊन सांगे, "गैरहजर, साहेब."

जेवणाच्या सुट्टीच्या कितीतरी आधी न्यायाधीश साहेबांनी तृप्तीला आत बोलावलं. साहेब हळू बोलणारे होते आणि कधी चिडत नसत. म्हणूनच सगळे त्यांना टरकून असत.

"आज माझं बोर्ड फार लवकर संपलं," ते म्हणाले. दिवसभरात चालायच्या केसेसची यादी म्हणजे बोर्ड. "इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता मला, पण होत नाही. माणसं बाहेर आहेत ना?"

"आहेत सर."

"दिसताहेत मला खिडकीतून. माझ्या कागदावर मात्र कोणीच नाही. या सगळ्यांना मी उद्या पुन्हा ठेवतो. तारीख लांबची दिली तर तुमच्या प्लायवूडची शिक्षा त्यांना होईल." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "उद्या मॅडम येणार आहेत, हे लक्षात आहे ना?"

"हो सर."

तृप्ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. प्रयोग फसला होता. चौथं न्यायालय अजून बाहेरच होतं. उद्या जुना नकाशा दाखवायचा तर त्याचा पुरावाच उलटा निघाला होता. खात्यातले साहेब माळावर न्यायला मोकळे आणि सरकीचे टेम्पोवाले आनंदात.

"काढून टाकू का पाट्या?" बेबीनंदांनी विचारलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. "लई मन लावून रंगवल्या होत्या मी."

"थांबा बेबीताई. आधी बघू द्या, नेमकं कुठे चुकलं."

ती शेडीत जाऊन एका बाकाच्या टोकाला बसली. आडोशाचा आता काही उपयोग उरला नव्हता. रखमाजी आणि सर्जेराव शेडीच्या तोंडाशी, बरोबर प्लायवूडच्या कडेला बसून जेवत होते, एक पाय वादीत, एक पाय प्रतिवादीत. मधे वर्तमानपत्रावर भाकरी, ठेचा आणि कांदा.

"या मॅडम, घास खा," सर्जेराव म्हणाला.

"नको, तुम्ही जेवा. मला एक सांगा. रोज तुम्ही एकाच बाकावर बसता?"

"मंग काय तर. जवळ बसल्याबिगर कसं व्हईल?"

"का?"

रखमाजीला प्रश्नच कळला नाही. त्याने भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, "ह्याला साखर हाय. घडी घडी लघवीला जातो. तेवढ्यात ह्याचा पुकारा झाला तर? मंग मी ओरडतो, आलाय आलाय, येऊन राहिलाय. मी चहाला गेल्तो तर ह्यो ओरडतो."

"तुमच्या विरुद्धचा माणूस तुमच्यासाठी ओरडतो?"

"त्याच्याबिगर कोण ओरडंल? वकील दुसऱ्या कोर्टात. पोरं कामावर. केस माझी आन ह्याची. ह्यो न्हाई सापडला तर तारीख पडती, माझाबी दिवस बुडतो, त्याचाबी बुडतो. म्हणून ध्यान ठेवावं लागतं."

"ह्याच्या बापाच्या मयताच्या दिवशी मीच येऊन सांगितलं होतं सायबाला," सर्जेराव म्हणाला. "म्हटलं, विरोधी पार्टी आज येत न्हाई, बाप गेला. सायेब म्हणले, तुमी कोण? म्हटलं, मीच विरोधी पार्टी."

ठेचा तिखट होता की काय, रखमाजीने डोळे पुसले. "लई बेकार माणूस हाय," तो पुन्हा म्हणाला.

तृप्तीने मान वळवून शेडीकडे नीट बघितलं. आता तिला सकाळी न दिसलेलं दिसू लागलं. दोन बाया, ज्यांच्या पिशव्यांना एकाच दुकानाचं नाव होतं, आडोशाच्या दोन बाजूंनी एकमेकींना वाकून विचारत होत्या, परतीची गाडी कितीला आहे. एक जण विरोधकाच्या वकिलाचा चहा धरून उभा होता. ही माणसं तापलेली होती हे खरं, पण ती आत, साहेबांसमोर तापत. बाहेर त्यांना सावली हवी होती आणि कुणीतरी कान देऊन बसलेलं हवं होतं. आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा समोरची पार्टीच.

म्हणजे भिंत नको. एवढं झाल्यावर तिच्या मनात नकाशा सरसर हलू लागला. दोन दालनं गेली, एक बोळ गेला, एक स्वच्छतागृह गेलं. ती उठणार एवढ्यात आडोशाच्या आतल्या टोकाला, अगदी भिंतीला चिकटून बसलेली एक बाई तिला दिसली. पोरगी म्हणावं असंच वय. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"तुमचा पुकारा झाला का?" तृप्तीने विचारलं.

"न्हाई अजून. दुसऱ्या कोर्टात हाय, दुपारनंतर." ती शिवकन्या, राजूरहून आलेली. "मॅडम, हे प्लायवूड तुमी लावलं का?"

"हो. पण आता काढणार आहे."

शिवकन्याचा चेहरा पडला. "असं? आज पयल्यांदा मी शेडीत बसले. न्हाई तर नवरा आन त्याची माणसं असतेत हितं. मंग मी तिकडं मुद्देमालाच्या गाड्यांत जाऊन उभी राहते. मिथुनभाऊला सांगून ठेवते, मला तिथून आवाज द्या म्हणून." ती जरा हसली. "त्या डीजेच्या डब्यावर बसते कधी कधी. बेबीताई रागावत न्हाईत."

तृप्ती पुन्हा बाकावर बसली. भिंत नको असं म्हणून ती मोकळी झाली होती. पण इथे एका माणसाला भिंत हवी होती. सगळ्यांना नको आणि हिला मात्र हवीच. मग तिने एकच विचारलं, "दार कुठल्या बाजूला असावं?"

"म्हणजे?"

"तुमच्यासाठी वेगळी खोली असली, तर तिच्यात जायला कुठून सोपं पडेल?"

शिवकन्याने विचार केला. "स्टँडाकडून न्हाई. तिकडं सगळे उभे असतेत. बेबीताईच्या हापिसातून जाता आलं तर बरं."

संध्याकाळपर्यंत नवा कागद तयार झाला. मधे एकच मोठं दालन, चौकोनी, उंच छताचं. चारही न्यायालयांची दारं त्याच दालनात उघडणारी, म्हणजे मिथुनने कुठल्याही दारातून नाव घेतलं तरी प्रत्येकाला ऐकू जावं. आणि नाझरच्या कचेरीतून आत जाणारी एक छोटी खोली, तिला बाहेरून दार नाही, आतून मात्र न्यायालयात जायला सरळ वाट. चौथं न्यायालय कोपऱ्यात अलगद बसलं. तृप्तीने ते दोनदा मोजलं. मग सवयीने तिसऱ्यांदा.

शुक्रवारी जिल्हा न्यायाधीश मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर तृप्तीचे साहेब होते आणि वकील संघाचे अध्यक्ष मच्छिंद्रराव होते. बैठक न्यायाधीश साहेबांच्याच चेंबरमध्ये होती, खिडकी शेडीकडे उघडी; तेवढ्यापुरतं त्यांचं बोर्ड दुसऱ्या न्यायाधीशांकडे चाललं होतं. प्लायवूड रात्रीच निघालं होतं. पाट्या बेबीनंदांच्या टेबलामागे भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मॅडमनी नकाशा बराच वेळ बघितला. "आधीच्या आराखड्यात दोन प्रतीक्षालयं होती ना?"

"होती," तृप्ती म्हणाली. "मी काढून टाकली."

"दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी? मारामारी झाली म्हणजे?"

"तेच मी म्हणत होतो," तृप्तीचे साहेब म्हणाले. "इथं जागाच अपुरी आहे मॅडम. माळावर दोनाची चार करता येतील."

"माळावर अशील येणार कसे?" मच्छिंद्ररावांनी विचारलं. "आम्ही आमच्या गाड्या काढून येऊ हो, पण मंग भांडणार कोणासाठी?"

मॅडमनी हात वर केला. "देशमानेंना बोलू द्या. का काढलीत?"

तृप्तीने तोंड उघडलं. सांगायचं खूप होतं आणि नेमकं सुरुवातीचं वाक्य सापडत नव्हतं. तेवढ्यात बाहेर मिथुनने आवाज टाकला.

"रखमाजी तुकाराम बोरुडेऽऽ! हाऽजिर हो!"

शेडीतून उत्तर आलं नाही. मिथुनने पुन्हा पुकारलं. तेव्हा बाकावरून एक म्हातारा दणकन उठला आणि टोपी सावरत ओरडला, "आलाय सायेब, आलाय! गाडी लावून राहिलाय! दोन मिनिटं थांबा!" आणि मग गेटकडे तोंड करून त्याहून मोठ्याने: "अय रखम्या! जल्दी ये! पुकारा झाला!"

"तो त्याचा भाऊ का?" मॅडमनी विचारलं.

"चुलत भाऊ," तृप्ती म्हणाली. "आणि प्रतिवादी."

मॅडम खिडकीपाशी गेल्या. धोतराचा सोगा हातात धरून रखमाजी धावत येत होता. सर्जेरावने त्याची फाइल त्याच्या हातात कोंबली, पाठीवर थाप मारली, आणि दोघे एकमेकांविरुद्ध भांडायला एकाच दारातून आत गेले.

मॅडम हसायला लागल्या ते बराच वेळ हसत राहिल्या. न्यायाधीश साहेबही हसले, हे मिथुनने नंतर सगळ्या गावाला सांगितलं.

मग तृप्तीला सुरुवातीच्या वाक्याची गरजच उरली नाही. तिने कालचा फसलेला प्रयोग सांगितला, अगदी पाट्यांसकट. शिवकन्याचं नाव न घेता छोट्या खोलीचं कारण सांगितलं. मॅडमनी त्या खोलीवर बोट ठेवलं. "हिला जरा मोठी करा. अशा एकापेक्षा जास्त असतात."

"मग जागा कुठून घ्यायची, मॅडम?"

"कुठून तरी घ्या. मुद्देमाल केवढा दिलाय हा?"

दाराबाहेर उभ्या असलेल्या बेबीनंदांनी डोळे मिटून घेतले.

पण न्यायालय स्टँडासमोर राहिलं. मॅडमनी जाण्याआधी नकाशाच्या कोपऱ्यात सही केली आणि तृप्तीच्या साहेबांना माळाचा विषय बंद करायला सांगितलं. साहेबांनी खांदे उडवले. जाताना ते तृप्तीला म्हणाले, "छान बसवलंत," आणि खरोखरच मनापासून म्हणाले.

"बेबीताई, डीजे तेवढा राहील," तृप्तीने बाहेर येऊन सांगितलं.

"राहू द्या. उद्घाटनाला वाजवू," बेबीनंदा म्हणाल्या.

दुपारी रखमाजी आणि सर्जेराव गाडीपाशी उभे होते. दोघांच्याही केसेसना पुढची तारीख पडली होती, पण दोघांची एकच पडली, म्हणून दोघेही खूश होते. तृप्तीला बघून रखमाजीने विचारलं, "मॅडम, भिंत काढली वाटतं?"

"काढली. नव्या इमारतीतही नाही. एकच मोठा हॉल होणार, सगळ्यांना."

"पंखे?"

"पंखे पण."

"कधी व्हईल तयार?"

"दोन-अडीच वर्षं तरी लागतील."

दोघे भाऊ विचारात पडले. रखमाजीने गाडीला किल्ली लावली पण फिरवली नाही. "तोवर आपली केस संपली तर रे?" त्याने मागे वळून विचारलं. आवाजात खरी काळजी होती.

सर्जेराव मागच्या सीटवर बसला, पिशवी मांडीवर घेतली, टोपी घट्ट केली.

"काहून संपंल?" तो म्हणाला. "तू जिंकला तर मी अपील करीन. वरचं कोर्टबी हितंच येऊन राहिलंय ना आता. चल, गाडी काढ."